भोगून आलेलं शहाणपण आणि मंजूर पद

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं आणि जिवंत माणसांच्या प्रश्नावर बोलायचं, हा स्मृतिव्याख्यानांचा आपल्याकडचा जुना आणि चांगला रिवाज आहे. त्या रिवाजाला धरून मी थेट विषयाला हात घालतो.

सरकारी पैशावर चालणाऱ्या मानसिक आरोग्यसेवेत आणि व्यसनमुक्तीच्या कामात, ज्यांनी तो आजार स्वतः भोगला आहे, जे व्यसनातून स्वतः बाहेर आले आहेत, त्यांना कर्मचारी म्हणून जागा असावी का, हा आजचा प्रश्न आहे. जगभर या माणसांना पीअर सपोर्ट वर्कर म्हणतात. मी आज त्यांना साथी-कार्यकर्ता म्हणेन. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. अशी जागा असावी. ती मंजूर पदाची आणि पगाराची असावी. आणि त्या पदावर बसलेल्या माणसाचं साथीपण शाबूत राहील, अशा रीतीने ती आखलेली असावी. यातली एक गोष्ट जरी निसटली, तरी बाकीच्या दोन लंगड्या पडतात. असं मला का वाटतं, ते आता मांडतो.

दोन तारखांमधला महिना

जिल्हा रुग्णालयातली मनोविकार ओपीडी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. बाकड्यावर दाटीवाटीने बसलेली माणसं, हातात केसपेपर, बरोबर आई किंवा भाऊ. नंबर लागतो. डॉक्टर विचारतात, झोप येते का, गोळ्या चालू आहेत का, आवाज ऐकू येतात का. समोरचा मान हलवतो. चिठ्ठी लिहून होते, पुढच्या महिन्याची तारीख मिळते. यात डॉक्टरांचा दोष काढण्याचा माझा हेतू नाही. बाहेर आणखी पन्नास जण थांबलेले असताना यापेक्षा जास्त वेळ कोण देणार?

पण आजारी माणसाचं आयुष्य घडतं ते या दोन तारखांमधल्या महिन्यात. गोळीने जीभ जड होते, वजन वाढतं, सकाळी डोळे उघडत नाहीत, म्हणून तो गोळी गुपचूप बंद करतो. गावी लग्न असतं, आणि इतके दिवस कुठे होतास, या पाहुण्यांच्या प्रश्नाला काय सांगायचं याची धास्ती त्याला आठवडाभर झोपू देत नाही. दारू सोडून तीन महिने झालेला माणूस पगाराच्या दिवशी कोणत्या रस्त्याने घरी यायचं, याचा विचार करत फॅक्टरीच्या गेटवर उभा असतो. एखाद्या बाईला प्रमाणपत्रासाठी कोणत्या खिडकीवर जायचं, कोणते कागद लागतात आणि मंडळापुढे काय विचारतात, हे कोणी सांगितलेलंच नसतं. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे, त्याचं प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर काही सवलती मिळू शकतात, हे बहुतेक घरांत पोचलेलं नाही.

या महिन्यात त्या माणसाबरोबर कोण असतं? घरचे असतात. पण घरचे घाबरलेले असतात, थकलेले असतात, आणि पुष्कळदा चिडलेलेही. तिथे असा एक माणूस हवा, जो म्हणू शकेल, ‘मीही ती गोळी बंद केली होती. मग काय झालं ते सांगतो. आणि जीभ जड होते हे डॉक्टरांना कसं सांगायचं, तेही सांगतो. बदलून देतात.’ हे वाक्य डॉक्टरांनी उच्चारलं तर तो सल्ला ठरतो. भोगलेल्या माणसाने उच्चारलं की तो पुरावा होतो. ऐकणाऱ्याला त्या क्षणी जे दिसतं, ते औषधाच्या कुठल्याही चिठ्ठीवर लिहिता येत नाही. याच्यासारखं झालेला माणूस आज सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, कामावर आलेला आहे.

आकडा केवढा आहे

या गरजेचा आकारही पाहू. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता, पण चित्र आपल्यापेक्षा फार वेगळं असेल असं मानायला आधार नाही. प्रौढांमध्ये शंभरातल्या दहा-अकरा जणांना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता. उपचार न मिळालेल्यांचं प्रमाण आजारानुसार ७० ते ९२ टक्के निघालं. २०१९ मध्ये केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने व्यसनांच्या व्याप्तीचा अहवाल दिला. देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यातल्या साधारण ५.७ कोटी लोकांना मदतीची गरज आहे, असं त्यात म्हटलं आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळाल्याचं त्यात आढळलं.

हे आकडे पाहिले की पटकन एक उत्तर सुचतं. डॉक्टर कमी आहेत, म्हणून बरे झालेले रुग्ण कामाला लावा. या उत्तरापासून मला तुम्हाला सावध करायचं आहे. ते वरवर माझ्या बाजूचं वाटतं, पण त्यात साथी-कार्यकर्ता म्हणजे स्वस्तात मिळालेला अर्धा समुपदेशक ठरतो. मनोविकारतज्ज्ञांची पदं भरा, ही मागणी स्वतंत्र आहे आणि ती शंभर टक्के योग्य आहे. उद्या महाराष्ट्रातली सगळी पदं भरली गेली, तरीही साथी-कार्यकर्त्याची गरज उरेल, कारण त्याच्याजवळ जे आहे ते पदवीने येत नाही.

इथे आणखी एक फरक नोंदवून ठेवतो. गोव्यात संगात संस्थेने गेल्या दोन दशकांत जे काम केलं ते जगभर वाखाणलं गेलं. गावातल्या, आरोग्यक्षेत्रातली पदवी नसलेल्या माणसांना शिकवून त्यांच्याकडून नैराश्यावर आणि दारूच्या समस्येवर समुपदेशन करवून घ्यायचं, आणि त्याचा उपयोग होतो का हे काटेकोर चाचण्यांनी तपासायचं, असं ते काम. ते मोलाचं आहे. पण तिथला समुपदेशक आजारातून गेलेला असावा अशी अट नव्हती. गावोगावी आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंचंही तसंच. साथी-कार्यकर्त्याची पात्रताच मुळी त्याच्या भोगण्यातून येते. या तिघांना एका पोत्यात घातलं, की आपण कोणाकडून काय मागतो आहोत याचा गोंधळ होतो.

नवी नव्हे, विसरलेली गोष्ट

हे खूळ परवाचं आहे, असं कोणाला वाटेल. म्हणून थोडा इतिहास. अठराव्या शतकाच्या अखेरीला पॅरिसमधल्या बिसेत्र या संस्थेत झां-बाप्तिस्त प्युसँ नावाचा माणूस वेड्यांच्या विभागाचा अधीक्षक होता. मूळचा कातडी कमावणारा. गंडमाळेच्या आजाराने तो त्याच बिसेत्रमध्ये रुग्ण म्हणून दाखल झाला होता, बरा झाला आणि तिथेच कामाला लागला. १७९३ मध्ये फिलिप पिनेल हे वैद्य तिथे नेमले गेले, तेव्हा त्यांना दिसलं की रुग्णांना मारहाण करायची नाही, असा दंडक प्युसँने घातला आहे, आणि सेवक म्हणून तो शक्य तिथे बऱ्या झालेल्या रुग्णांनाच निवडतो आहे. अशी माणसं क्रूर होत नाहीत, हे त्याचं निरीक्षण होतं आणि पिनेल यांनाही ते पटलं. वेड्यांच्या बेड्या तोडणारा म्हणून चित्रांमध्ये पिनेल रंगवले गेले. पण बिसेत्रमधल्या साखळ्या १७९७ मध्ये काढल्या त्या प्युसँने. मनोविकारशास्त्राच्या पहिल्या मोठ्या सुधारणेच्या मुळाशी एक माजी रुग्ण आहे, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यायला हवं.

साखळीचा विषय निघाला म्हणून सांगतो. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडी इथे एका आश्रयस्थानाला आग लागली आणि बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. प्युसँनंतर दोनशे वर्षांनी. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने कोणालाही साखळीने बांधायला बंदी घातली आहे. अशी बंदी पाळली जाते की नाही, हे वॉर्डात बसून कोण पाहणार? जो कधी काळी बांधला गेला होता, त्याची नजर या कामात सगळ्यात तीक्ष्ण असते.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात तर समदुःखी माणूस हाच पाया राहिला आहे. १९३५ मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरी दोन दारुडे भेटले, एक शेअर बाजारातला आणि एक शल्यविशारद. एकमेकांशी बोलत राहिल्यानेच आपण दारूपासून दूर राहतो, असं त्यांना जाणवलं आणि त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस उभी राहिली. आज महाराष्ट्रातल्या शहराशहरांत शाळेच्या वर्गात, चर्चच्या खोलीत तिच्या मीटिंगा भरतात.

आणि आपल्या पुण्याचं उदाहरण तर डोळ्यांपुढे आहे. येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचट आणि त्यांचे पती, लेखक अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू केलं, तेही त्याच सरकारी रुग्णालयाच्या आवारात. पुलं आणि सुनीताबाईंनी त्यासाठी देणगी दिली. ब्राउन शुगरने मुंबई-पुण्यातली पोरं पोखरली जात होती, तो काळ. पुढे मुक्तांगणचं वैशिष्ट्य ठरलं ते हे, की तिथून बरे झालेले अनेक जण तिथलेच कार्यकर्ते झाले. टर्कीत, म्हणजे नशा थांबल्यावरच्या त्रासात, तडफडणाऱ्या मुलाच्या उशाशी रात्रभर बसणारा माणूस स्वतः त्या तडफडीतून गेलेला असतो. स्लिप झालेल्याच्या, म्हणजे पुन्हा नशेकडे वळलेल्याच्या, घरी जाऊन त्याला परत आणणाऱ्याची स्वतःचीही कधी स्लिप झालेली असते. घरच्यांना फसवण्याच्या ज्या शंभर युक्त्या नवा रुग्ण मनात जुळवत असतो, त्या समोरच्याला पाठ असतात, आणि तरीही समोरचा त्याच्यावर डाफरत नाही. नवऱ्याच्या व्यसनाने पिचलेल्या बायकांचा तिथला ‘सहचरी’ गटही याच तत्त्वावर उभा आहे.

मानसिक आजाराच्या बाबतीत आपण उशिरा जागे झालो. कॅनडात स्थायिक झालेले संख्याशास्त्राचे प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी यांनी घरातला आजार जवळून पाहिला होता. त्यांच्या पुढाकाराने पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. पुण्या-ठाण्याच्या स्वमदत गटांत आज आजाराशी झुंजणाऱ्याला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. या गटांनी शेकडो घरांतलं मौन फोडलं आहे.

म्हणजे महाराष्ट्राकडे माणसं आहेत, अनुभव आहे आणि परंपराही आहे. पण ही सारी धडपड संस्थांच्या अंगणात राहिली. सरकारी रुग्णालयाचा उंबरठा तिने ओलांडलेला नाही.

सरकारी तिजोरी आणि साथी

हा उंबरठा ओलांडता येतो, याचं एक उदाहरण अमेरिकेतलं. तिथे गरिबांच्या उपचाराचा खर्च मेडिकेड या सरकारी योजनेतून होतो. १९९९ मध्ये जॉर्जिया राज्याने या योजनेतून साथी-कार्यकर्त्यांच्या सेवेचा मोबदला देण्याची सोय केली. असं करणारं ते पहिलं राज्य. लवकरच तिथे प्रशिक्षण घेऊन, परीक्षा देऊन प्रमाणित झालेले साथी कामाला लागले. १५ ऑगस्ट २००७ रोजी केंद्रीय यंत्रणेने सगळ्या राज्यांना पत्र धाडून, साथींच्या सेवेसाठी मेडिकेडचा पैसा वापरता येईल असं कळवलं. त्यासाठी अटी तीन होत्या: साथीच्या कामावर जाणत्या व्यक्तीची देखरेख असावी, त्याचं काम रुग्णाच्या एकूण उपचार-आराखड्याशी जोडलेलं असावं, आणि त्याला प्रशिक्षण व प्रमाणपत्र असावं. आज तिथल्या बहुतेक राज्यांत ही सेवा सरकारी पैशातून मिळते. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेतही साथी-कार्यकर्ते पगारी नोकरीत आहेत.

आपल्या देशात याच्या सगळ्यात जवळचा मोठा सरकारी अनुभव एड्स नियंत्रणाचा आहे. वेश्याव्यवसायातल्या स्त्रिया, समलिंगी पुरुष, सुईने नशा करणारे, यांच्यापर्यंत कोणताही सरकारी अधिकारी पोचू शकत नव्हता, तेव्हा त्यांच्यातल्याच माणसांना पीअर एज्युकेटर म्हणून कामाला घेतलं गेलं. सांगलीत १९९२ पासून संग्राम संस्थेने वेश्यावस्तीतल्या बायकांच्याच हाती निरोध-वाटपाचं काम दिलं, आणि त्यातून १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. निरोध वाटता वाटता त्या बायका पोलिसांच्या छळाबद्दल बोलू लागल्या, रुग्णालयातल्या वागणुकीबद्दल बोलू लागल्या. मला यातला अर्थ फार महत्त्वाचा वाटतो. ज्याच्या हाती काम दिलं, त्याने त्या कामाची व्याख्याच मोठी केली.

याच अनुभवाने दुसरंही शिकवलं आहे. अशा साथींना बहुतेक ठिकाणी पगार मिळाला नाही, मानधन मिळालं. प्रकल्पाचा निधी आटला की माणूसही गेला. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणाऱ्या व्यसनमुक्ती केंद्रांच्या कर्मचारी-आराखड्यात व्यसनमुक्त झालेल्या पीअर एज्युकेटरला जागा आहे, ही चांगली गोष्ट. पण पगारपत्रकात तो तळाशी असतो आणि निर्णयाच्या बैठकीत बहुधा नसतोच.

पुरावा काय सांगतो

सार्वजनिक पैसा मागायचा तर पुरावा द्यावा लागतो. जो आहे तो मी तुमच्यापुढे निखळपणे ठेवतो, कारण अर्धा पुरावा सांगून मिळवलेली मान्यता टिकत नाही.

२०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये एका इंग्लिश चाचणीचे निष्कर्ष आले. तीव्र मानसिक संकटातून सावरलेले ४४१ जण तिच्यात होते. एका गटाला साथी-कार्यकर्त्यांबरोबर दहापर्यंत बैठका मिळाल्या आणि स्वतःची काळजी घेण्याची एक वही मिळाली. दुसऱ्या गटाला फक्त वही टपालाने गेली. वर्षभरात पहिल्या गटातल्या २९ टक्के लोकांना पुन्हा तातडीच्या सेवेत दाखल व्हावं लागलं, दुसऱ्या गटातल्या ३८ टक्के लोकांना. फरक ठळक आहे.

२०२२ मध्ये इंग्लंडमधल्याच दुसऱ्या, ५९० जणांच्या चाचणीत मात्र रुग्णालयातून घरी गेलेल्यांना चार महिने साथी देऊनही पुन्हा दाखल होण्याच्या प्रमाणात म्हणावा तसा फरक पडला नाही: साथी मिळालेल्यांत ४७ टक्के आणि न मिळालेल्यांत ५० टक्के. त्यातही कृष्णवर्णीय सहभागींमध्ये साथी मिळालेल्यांचं पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण बरंच कमी निघालं. ज्यांचा व्यवस्थेवर विश्वास सगळ्यात कमी असतो, त्यांना साथीचा उपयोग सगळ्यात जास्त होतो की काय, असा प्रश्न यातून पडतो. आपल्याकडे जात, गरिबी, बाईपण आणि भाषा यांनी रुग्णालयापासून दुरावलेली माणसं किती आहेत, हे लक्षात घेतलं तर हा प्रश्न आपल्यासाठी अधिकच मोलाचा आहे.

भारतातलं काम पाहायचं तर गुजरातकडे पाहावं लागेल, आणि त्यामागे पुण्यातली संस्था आहे. इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने गुजरातच्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थांमध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा क्वालिटीराइट्स कार्यक्रम राबवला. सहा संस्थांत काम झालं, तीन तुलनेसाठी घेतल्या, आणि २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कर्मचाऱ्यांना हक्कांचं शिक्षण, सेवेच्या दर्जाची तपासणी आणि आजारातून गेलेल्या साथी-स्वयंसेवकांचा सहभाग, हे सगळं एकत्र होतं. सेवेचा दर्जा सुधारला आणि कर्मचाऱ्यांची रुग्णांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. श्रेय एकट्या साथींना देता येणार नाही. पण आपल्या देशातल्या सरकारी मनोरुग्णालयात साथी काम करू शकतात, हे तिथे सिद्ध झालं.

या सगळ्यातून मी काढतो तो निष्कर्ष असा. साथी ही जादूची कांडी नाही. कुठे नेमला, काय काम दिलं, कोणाच्या देखरेखीखाली दिलं, किती काळ दिलं, यावर परिणाम ठरतो. म्हणूनच पदाची आखणी कशी करायची, हा प्रश्न कारकुनी कामाचा नाही. तो या विषयाचा गाभा आहे.

पद कसं असावं

आपल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मनोविकारतज्ज्ञ आहे, चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ आहे, मनोविकार सामाजिक कार्यकर्ता आहे, परिचारिका आहे, नोंदी ठेवणारा आहे, वॉर्ड सहायकही आहे. आजारातून गेलेला माणूस त्या यादीत नाही. २०१७ च्या कायद्याने राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणावर आजारातून गेलेल्यांच्या प्रतिनिधींना जागा दिली, पुनर्विलोकन मंडळांचं दारही शुभार्थी आणि शुभंकरांना खुलं केलं. मोठ्या टेबलाशी त्यांना बसवलं, पण जिथे रोज माणूस माणसाला भेटतो त्या ओपीडीत आणि वॉर्डात त्यांना पद दिलं नाही. हे अपुरं आहे.

महाराष्ट्र सरकारने ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत आणि प्रत्येक जिल्ह्याच्या पथकात साथी-कार्यकर्त्याची पदं मंजूर करावीत, ही माझी मागणी आहे. पण केवळ पद मंजूर करून भागणार नाही, म्हणून थोडं तपशिलात जातो.

पहिली गोष्ट, कुठेही एकटा साथी नेमू नये. एकटा माणूस दोन गोष्टी होऊ शकतो, शोभेचा किंवा बहिष्कृत. किमान दोघे असावेत, त्यात एक स्त्री असावी. बरं होऊनही ज्यांना घरचे न्यायला येत नाहीत अशा बायका आपल्या मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षं पडून आहेत. त्यांच्याशी बोलायला त्याच वाटेवरून आलेली बाईच हवी.

दुसरी गोष्ट, कामाची हद्द लिहिलेली असावी. साथीने गोळ्या वाटायच्या नाहीत, रुग्णाला धरून ठेवायचं नाही, पळून जाणाऱ्यावर पाळत ठेवायची नाही. ज्या दिवशी तो कुलपाची किल्ली सांभाळायला लागेल, त्या दिवशी रुग्णाच्या लेखी तो साथी उरणार नाही. त्याने ऐकायचं, सोबत करायची, दोन तारखांमधल्या महिन्यात फोन करायचा, घरी जायचं, प्रमाणपत्राच्या रांगेत बरोबर उभं राहायचं, आणि रुग्णाचं म्हणणं पथकाच्या बैठकीत मांडायचं. डॉक्टरांशी मतभेद झाला तर तो मोकळेपणाने सांगण्याचा हक्क त्याला असावा. तो हक्क नसेल, तर साथीचं पद भरून काय मिळवलं?

तिसरी गोष्ट, त्याची गोष्ट त्याची आहे. आजाराची कहाणी कधी, किती आणि कोणाला सांगायची हे तो ठरवेल. प्रत्येक पाहुण्यापुढे, प्रत्येक कार्यशाळेत त्याला उभं करून ‘सांगा तुमचा अनुभव’ म्हणणं हा शोषणाचाच एक प्रकार आहे.

चौथी गोष्ट पगाराची. त्याला अकरा महिन्यांचा करार आणि कामाप्रमाणे मानधन देऊ नये. आशाताईंना आपण स्वयंसेविका म्हटलं आणि पूर्णवेळ राबवलं. त्यांना हक्काच्या मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरावं लागलं, हे आपण पाहिलं आहे. आजारपणामुळे ज्याची शिक्षणाची, नोकरीची वर्षं गेली, त्याला ‘सेवाभाव ठेव’ असं सांगणं क्रूर आहे. वेतनश्रेणी, रजा, बढतीची वाट आणि आठवड्याच्या देखरेखीसाठी ज्येष्ठ साथी, हे सगळं त्या पदाबरोबर यायला हवं.

आणि तो पुन्हा आजारी पडला तर?

हा प्रश्न प्रत्येक सभेत विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या मनात काळजी असते, हे मला ठाऊक आहे. म्हणून सरळ उत्तर देतो. पडेल कदाचित. व्यसनमुक्त माणसाची स्लिप होईल, शुभार्थीला पुन्हा एखादा कठीण महिना येईल. मधुमेह असलेला शिक्षक आणि पाठीचं दुखणं असलेली परिचारिका आजारी पडले की आपण रजा देतो, त्यांची नेमणूक चूक होती असं म्हणत नाही. साथीसाठीही तेच. कोणती चिन्हं दिसली की थांबायचं, कोणाला कळवायचं, परत येताना काम कसं हलकं ठेवायचं, याचा करार त्याच्याशीच बसून आधी लिहून ठेवावा. तो त्याने स्वतः लिहावा, कारण स्वतःच्या आजाराची पावलं त्याला सगळ्यांच्या आधी ऐकू येतात. व्यसनमुक्तीच्या कामात स्लिप झाल्यावर परत येऊन उभा राहिलेला कार्यकर्ता रुग्णांना अधिक विश्वासाचा वाटतो, हे तिथल्या लोकांना विचारून पाहा.

दुसरी शंका डॉक्टरांच्या मनात असते. हे लोक आमच्या उपचारात ढवळाढवळ करतील, औषधाविरुद्ध बोलतील. साथी औषध ठरवत नाही आणि ठरवू नये. पण औषधाने काय होतं हे रुग्ण डॉक्टरांना सांगत नाही ते साथीला सांगतो, आणि साथीने ते पथकापर्यंत पोचवलं तर डॉक्टरांचा उपचार सुधारतो. अधिकार कमी होण्याची भीती बाळगण्यापेक्षा माहिती वाढण्याचा लाभ पाहावा, एवढीच माझी विनंती.

शेवटचं सांगतो. मानसिक आजाराची आपल्याला भीती वाटते, ती मुख्यतः एका समजुतीमुळे: एकदा त्या दारातून आत गेलेला माणूस परत पहिल्यासारखा माणसांत येत नाही. ही समजूत भाषणांनी आणि पोस्टरांनी जाणार नाही. तालुक्याच्या रुग्णालयात आई आपल्या मुलाला पहिल्यांदा घेऊन येईल, आणि समोर बसलेला सरकारी कर्मचारी, गळ्यात ओळखपत्र घातलेला, तिला सांगेल की मीही इथून उपचार घेतले आहेत, तेव्हा ती समजूत पहिल्यांदा हादरेल. तो कर्मचारी तिथे असणं ही दया नाही, प्रयोग नाही, सरकारने केलेली बचतही नाही. तो त्या आईचा हक्क आहे आणि त्या कर्मचाऱ्याचाही.

इथे बसलेल्यांत डॉक्टर आहेत, शासनाच्या सेवेत असलेले आहेत, शुभंकर आहेत. आजारातून गेलेले आणि त्याबद्दल आजवर कोणाला न सांगितलेलेही काही नक्की असतील. पहिल्या तिघांना माझं सांगणं आहे की या पदासाठी लेखी मागणी करा, आपापल्या जिल्ह्यात करा, पथकाच्या मंजुरीच्या यादीत ती जागा येईपर्यंत करत राहा. आणि चौथ्यांना सांगतो, तुम्ही काही बोलायलाच हवं असं नाही. पण तुम्ही जे सोसून शिकलात, त्याची या राज्याच्या आरोग्यसेवेला गरज आहे. त्या शिकण्याला पगार, हुद्दा आणि मान देण्याची जबाबदारी आमची आहे, आणि ती पार पडेपर्यंत आमची सेवा अपुरीच राहणार आहे.